खडकावरची बाई

पन्नाशी उलटल्यानंतर माणसानें नवा छंद लावून घेऊं नये, असें आमच्या घरांतील सर्वांचें मत आहे. हें मत प्रथम मांडलें माझ्या पत्नीनें, आणि तेंही मीं बैठकीच्या खोलींतील सतरंजीवर टर्पेंटाइनची बाटली उपडी केली त्या दिवशीं; त्यामुळें त्यांत तत्त्वचिंतनापेक्षां संतापाचा अंश अधिक होता हें मान्य केलें पाहिजे. माझा मुलगा अधिक सौम्य. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जलरंगांत कां काढीत नाहीं? ते डाग धुतां तरी येतात." जन्मभर इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या प्राध्यापकानें तैलरंगच कां निवडावे ह्याचें उत्तर मजजवळ तयार होतें; पण तें बायकोमुलांना देण्याजोगें नव्हतें. जलरंगांत केलेली चूक कागद सहसा विसरत नाहीं. तैलरंगाचें तसें नाहीं. त्यांत चूक खरवडून काढतां येते, तिच्यावर दुसरा थर देतां येतो, उद्यां पुन्हां आरंभ करतां येतो. ज्याच्या पदरीं दुरुस्त न होण्याजोग्या चुका पुष्कळ जमल्या आहेत, अशा माणसाला ह्या वयांत असें माध्यम प्रिय वाटावें ह्यांत नवल तें काय?

माझे गुरु म्हणजे माझ्याच वयाचे एक चित्रकार स्नेही. त्यांनीं पहिल्याच रविवारीं मला ह्या कलेचें धर्मशास्त्र सांगितलें. पहिला थर टर्पेंटाइननें पातळ केलेला असावा. पुढचा प्रत्येक थर आधींच्यापेक्षां अधिक तेलकट असावा. हा क्रम उलटला तर चित्राला पुढेंमागें भेगा पडतात. जवसाचें तेल वाळतें तें पाणी उडून जावें तसें नव्हे. हवेंतील प्राणवायु घेऊन तें हळूहळू घट्ट होतें. खालचा थर अद्याप हलत असतां वरचा ताठ झाला, तर तो तडकल्याशिवाय रहात नाहीं. अंबर नांवाच्या तपकिरी मातींत मँगेनीज असल्यामुळें तो रंग लौकर वाळतो, म्हणून पहिली आखणी त्यानें करावी. पांढरा रंग मात्र दिवसेंदिवस ओला रहातो. हें सर्व मीं वहींत लिहून घेतलें. प्राध्यापक माणूस वहींत लिहून घेतलेली गोष्ट आपल्याला समजली असें मानतो, हा त्याचा जुना रोग आहे.

रंग घेऊन समुद्रावर जाऊन बसतां येतें, ही गोष्टसुद्धां फार जुनी नव्हे. १८४१ सालीं जॉन गॉफ रँड ह्या अमेरिकन चित्रकारानें कथलाची चेपतां येणारी नळी शोधून काढली. त्यापूर्वीं तयार केलेले तैलरंग जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवीत. ते बाहेर नेणें म्हणजे एक व्यापच. नळी आली आणि चित्रकार घराबाहेर पडला. क्लॉद मॉने ह्यानें १८७० सालीं फ्रान्समधील त्रूव्हील येथील पुळणीवर बसून एक लहानसें चित्र काढलें. तें लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे, आणि त्याच्या रंगांत त्या पुळणीवरील वाळूचे कण अडकलेले आढळले आहेत. चित्रांत दोन स्त्रिया बसल्या आहेत. त्यांतील डावीकडची मॉनेची पत्नी कामीय, असें मानतात. वाऱ्यानें उडालेली ती वाळू ह्या चित्राच्या खरेपणाची साक्षच देते. माझ्याही चित्रांत चार कण वाळू असावी, एवढी माफक महत्त्वाकांक्षा धरून मी नाताळच्या सुटींत पुण्याहून माझ्या आजोळीं, दापोली तालुक्यांतील मुरूडास गेलों.

मुरूडच्या पुळणीवरून उत्तरेकडे चालत गेलें म्हणजे हर्णैचें बंदर येतें. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग, काठाला कनकदुर्ग, आणि मधल्या पाण्यांत नांगरून पडलेल्या होड्या. संध्याकाळीं तेथें मासळीचा लिलाव चालतो आणि किनाऱ्यावर पाय ठेवावयास जागा नसते. परंतु सकाळीं बाजूच्या खडकांकडे बरीच शांतता असते. चित्रकाराच्या दृष्टीनें तर सकाळच बरी. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य आपल्या पाठीमागून येतो, त्यामुळें दुर्गाची तटबंदी उजळून निघते आणि समुद्र आपले खरे रंग दाखवितो. संध्याकाळीं तोच सूर्य समोर येतो आणि सारें कांहीं काळें व सोनेरी करून टाकतो. मामेभावाच्या पडवींतून एक घडीचें स्टूल घेऊन मी एका सकाळीं तेथें जाऊन बसलों. दिवस मार्गशीर्ष वद्य द्वितीयेचा होता. ही तिथि मला त्या वेळीं ठाऊक नव्हती. ती पुढें कशी ठाऊक झाली, हाच ह्या हकीकतीचा विषय आहे.

त्या दिवशीं आठाच्या सुमारास पाणी पुष्कळ मागें गेलें होतें आणि काळे खडक दूरवर उघडे पडले होते. मीं अंबर पातळ करून क्षितिज, दुर्ग आणि खडक आंखून घेतले. इतक्यांत सर्वांत पुढच्या खडकावर तांबडें लुगडें नेसलेली एक बाई दिसली. ती बहुतेक वेळ वांकलेली असे. मधूनच कमरेवर हात ठेवून उभी राही, समुद्राकडे पाही, पुन्हां वांके. माझ्या गुरूंनीं निघतांना सांगितलें होतें, "समुद्राच्या चित्रांत एखादें तरी माणूस घाला. त्याशिवाय डोळ्याला मोजमाप मिळत नाहीं. लाट हातभर आहे कीं पुरुषभर हें कळत नाहीं." शिवाय हिरवट पाण्याजवळ तांबड्याचा एक ठिपका असला कीं दोन्ही रंग एकमेकांना उजाळा देतात, हेंही मीं वहींत लिहिलेलें होतें. मला हवें तें आयतेंच मिळालें. ती उभी राहिली असतां घाईघाईनें मीं तिची आकृति घेतली, नखाएवढी असेल. खरें सांगावयाचें तर मीं बाई काढलीच नाहीं. मीं मोजमाप काढलें आणि तांबडा रंग काढला.

पुढचे दोन-तीन दिवस आकाशांत गेले. मग खडक केले. रोज त्याच ठिकाणीं, त्याच वेळीं बसावयाचें, हा नियम मीं कसोशीनें पाळला. प्रकाश बदलूं नये ना! समुद्र मात्र मीं शेवटीं ठेवला होता, भीतीनें आणि लोभानें. आठव्या दिवशीं त्याला हात घातला. त्या सकाळीं पाणी खडकांवर चढलेलें होतें आणि लाटा त्यांच्या अंगावर फुटत होत्या. आजवर ज्या हातानें केवळ उत्तरपत्रिकांवर तांबड्या रेघा ओढल्या, त्या हाताला त्या दिवशीं काय झालें होतें कोण जाणे! फेंस पांढरा नसतो, त्याच्या सांवलींत जांभळट करडा असतो, हें मला प्रथमच दिसलें. लाट फुटण्यापूर्वीं क्षणभर तिची कड पातळ होते आणि तेथें काचेसारखा हिरवा रंग उमटतो, तोही सांपडला. पुढच्या खडकाशीं एक लाट अशी फुटली, म्हणजे माझ्या चित्रांत फुटली, कीं मी स्टुलावरून उठून चार पावलें मागें गेलों आणि स्वतःशींच हंसलों. पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवा छंद लावून घ्यावा, असें माझें मत झालें.

"मास्तर, ही बाई काय करते वो?"

मीं मागें वळून पाहिलें. तांबड्या लुगड्यांतील ती बाईच मागें उभी होती. वय साठीच्या आसपास. हातांत टोप आणि एक टोकदार लोखंडी अवजार. आमच्या मामेभावाच्या घरीं ती मासळी देत असे, त्यामुळें पाहुणे मास्तर पुळणीवर बसून समुद्र काढतात ही वार्ता तिला होती.

"ती तुम्हीच, मावशी," मीं कौतुकानें सांगितलें. "त्या दिवशीं तुम्ही पुढच्या खडकावर कालवें काढीत होतां ना, तेव्हां काढली."

ती बराच वेळ पहात राहिली. मला वाटलें, आपलें चित्र कोणी काढलें ह्याचा आनंद तिला शब्दांत सांगतां येत नसावा. मग ती म्हणाली, "एवढीशी?"

मीं तिला दूरचें लहान दिसतें, जवळचें मोठें दिसतें, हें शास्त्र सांगूं लागलों. "तुम्ही दूर होतां, म्हणून."

"मग जवळ यायचं होतंत," ती म्हणाली. आणि तो मुद्दा तेथेंच सोडून तिनें आपल्या अवजाराचें टोक कॅन्व्हसपासून वीतभर अंतरावर धरलें. "आनि ह्या पान्यात कालवां कोन काढील? पानी बघा केवढं चढलंय. तुमच्या चित्रात आज तिथ काय हाय?"

चित्राला तिथि असते हें माझ्या वहींत नव्हतें. तेव्हां माझें अज्ञान पाहून तिनें मला भरतीचा हिशेब सांगितला. ह्या किनाऱ्यावरचें पोरसुद्धां तो जाणतें. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वितीयेची पाऊणपट दीड. रात्रीं दीडला भरती, म्हणजे सकाळीं पावणेआठच्या सुमारास ओहोटी. त्यांतून पौर्णिमा नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. पाणी जितकें वर चढतें तितकेंच खालीं जातें, आणि एरवीं न दिसणारे खडक उघडे पडतात. तेव्हां कालवांना जावयाचें. आज नवमी. नवमीची पाऊणपट पावणेसात. म्हणजे मी रंग उघडून बसलों तेव्हां भरती नुकतीच होऊन गेलेली. रोज भरती सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते; मी रोज त्याच वेळीं येत होतों, म्हणूनच रोज निराळ्या समुद्रापुढें बसत होतों. प्रकाश बदलूं नये म्हणून जपलों आणि पाणी बदललें. माझ्या चित्रांत द्वितीयेची बाई नवमीच्या पाण्यांत उभी होती.

मी म्हणालों, "कालवें नसेल काढीत. नुसती उभी असेल."

ह्यावर ती हंसली नाहीं. "असल्या पान्यात बाई पुढच्या खडकावर उभी ऱ्हाते ती कालवांसाठी नाय, मास्तर. वाट बघायला ऱ्हाते. फयानच्या वक्ताला मी दोन रोज उभी हुते. आमचं मानूस आलं. दीर नाय आला."

२००९ सालच्या नोव्हेंबरांत फयान वादळ ह्या किनाऱ्यावर आलें तेव्हां कित्येक होड्या समुद्रांत होत्या. तें मीं पुण्यास वर्तमानपत्रांत वाचलें होतें, आणि बहुधा चहा पितांना वाचलें असावें. आतां काय बोलावें हें मला सुचेना. अशा वेळीं मनुष्य आपल्या हातांतील वस्तूकडे पहातो, मीं कुंचल्याकडे पाहिलें आणि विचारलें, "मग ही बाई पुसून टाकूं?"

"पुसता कशाला? तिचं काय चुकलं?" ती म्हणाली. "पानी उतरवा."

आणि टोप कमरेवर घेऊन ती बंदराकडे चालती झाली.

त्या रात्रीं मला लौकर झोंप आली नाहीं. पाणी उतरवावयाचें म्हणजे ती लाट खरवडून टाकावयाची. आणि माझ्या उभ्या आयुष्यांत माझ्या हातून तेवढी एकच लाट झाली होती. मीं स्वतःशीं वकिली सुरू केली. पुण्यांत बैठकीच्या खोलींत बसून हें चित्र पहाणाऱ्यांपैकीं कोणाला तिथीची पाऊणपट येते? कला म्हणजे कांहीं पंचांग नव्हे. अंथरुणासमोरच्या भिंतीवर आजोबांच्या काळची एक जुनी तसबीर आहे, रविवर्म्याच्या चित्रावरून छापलेली: खवळलेल्या समुद्राच्या कांठीं खडकावर धनुष्य घेऊन उभा असलेला राम, आणि पाण्यांतून वर येणारा वरुण. कंदिलाच्या उजेडांत लहानपणीं तें चित्र पाहून आम्ही भीत असूं. मीं मनांत म्हटलें, रविवर्म्याला कोणी भरतीची वेळ विचारली होती? परंतु उत्तरही त्या तसबिरींतच होतें. त्या चित्रांत राम कोण आहे आणि तेथें कां उभा आहे, हें काढणाऱ्याला पुरतें ठाऊक होतें. समुद्र त्या प्रयोजनासाठीं खवळला होता. माझ्या चित्रांतील बाई तेथें कां उभी आहे, हें मला ठाऊक नव्हतें, कारण मीं विचारलेंच नव्हतें.

आणि हें मला ठाऊक नसावें ही लाजिरवाणी गोष्ट होती; कारण नेमक्या ह्याच विषयावर मी दरवर्षीं व्याख्यान देतों. वर्ड्स्वर्थची जळवा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यावरची कविता १८०७ सालीं प्रसिद्ध झाली. कवि ओसाड माळावर एका डबक्याच्या कांठीं त्या म्हाताऱ्याला पहातो आणि विचारतो, तूं काय करतोस? म्हातारा सांगूं लागतो. पण कवीचें मन आपल्याच विचारांत वाहून जातें, आणि तो तोच प्रश्न पुन्हां विचारतो. म्हातारा हंसून पुन्हां सांगतो. तरुण विद्यार्थी येथें हंसतात, आणि मी त्यांना हंसूं देतों. मग मी त्यांना सांगतों कीं, कवीच्या बहिणीनें, डॉरथीनें, ३ ऑक्टोबर १८०० च्या रोजनिशींत ह्याच म्हाताऱ्याच्या भेटीची नोंद ठेवली आहे. तो त्या दोघांना भेटला माळावर नव्हे, रस्त्यावर. आणि त्याची बायको, त्याचीं गेलेलीं मुलें, जळवा आतां दुर्मिळ झाल्या आहेत ही त्याची अडचण, त्यांचा भाव, हें सारें तिनें लिहून ठेवलें आहे. कवीनें त्याला एकटा केला आणि डबक्याच्या कांठीं उभा केला. एवढें सांगून मी नेहमीं विचारतों, दोघांपैकीं त्या म्हाताऱ्याला कोणीं पाहिलें? प्रश्न फार परिणामकारक आहे. तास संपतो, मुलें निघून जातात, मी खडू झटकतों. पण त्या प्रश्नाचें बोट माझ्याकडे वळलेलें मीं इतक्या वर्षांत कधीं पाहिलें नव्हतें.

घराकडे पाहिलें तरी तेंच. माझ्या पत्नीच्या रागाचें कारण टर्पेंटाइन नव्हतें, हें मला त्या अंथरुणावर प्रथम सुचलें. ती सतरंजी तिच्या आईनें दिलेली होती. हें मला ठाऊक नव्हतें असें नव्हे. मीं तें कधीं विचारांत घेतलें नव्हतें. माझ्या आयुष्याच्या चित्रांत तिची जागा ठरलेली होती आणि रंगही ठरलेला होता.

दुसऱ्या दिवशीं पुळणीवर जाऊन मीं सुरी घेतली आणि लाट खरवडली. पांढरा रंग ओलाच होता. तो सुरीवर लोण्यासारखा आला, तेव्हां हाताला थोडें दुःख झालें. परंतु खरी अडचण पुढें होती. पाणी उतरविलें तर खालीं काय दिसतें? पहिल्या दिवशीं मीं तिकडे नीट पाहिलेंच नव्हतें, आणि आतां अष्टमी-नवमीचे भांगाचे दिवस. दुपारची ओहोटीसुद्धां तो खडक पुरता उघडा करीना. सुटीचे दोनच दिवस उरले होते. तेव्हां मी बंदरावर गेलों, मावशींना शोधून काढलें आणि वही उघडून विचारलें, "पाण्याखालीं काय असतें?"

प्रथम त्यांना हा प्रश्न वेडगळ वाटला. मग त्या बोलूं लागल्या आणि मी लिहूं लागलों. वरचा खडक कोरडा, काळा. त्याखालीं कालवांचा पट्टा, पांढुरका, धारेचा. त्यावर पाय ठेवला तर तळवा चिरतो. त्याच्याखालीं हिरवें शेवाळ, तेथें पाय सरकतो. मधल्या खळग्यांत पाणी सांचतें, तें समुद्राच्या रंगाचें नसतें, आकाशाच्या रंगाचें असतें. कालव खडकाला घट्ट चिकटलेलें असतें. वरची शिंप फोडून आंतला गर काढावा लागतो. पाठ मोडते. म्हणून मधूनच उभें रहावयाचें, आणि उभें राहिलें कीं पाणी कोठवर आलें तें पहावयाचें. तो माझा पहिल्या दिवशींचा क्षण! मीं त्याला काव्यमय समुद्रदर्शन समजलों होतों. ती आपलें घड्याळ पहात होती.

त्या वहीवरून मीं तीं दोन दिवस खडक काढले. आकाशाच्या रंगाचीं डबकीं बरीं साधलीं. बाई मात्र उभी होती ती पुसून वांकलेली केली, आणि खडकाच्या मानानें शोभेल इतकी मोठी केली.

घरीं परतल्यावर गुरूंनीं चित्र पाहिलें. समुद्र जरा मागें गेल्यासारखा वाटतो, असें ते म्हणाले. मीं म्हटलें, होय, गेला आहे. माझ्या पत्नीनें विचारलें, ही कोण? मीं तिला सारी हकीकत सांगितली. ती सतरंजीविषयीं कांहीं बोलली नाहीं, मींच बोललों.

पुढें मे महिन्यांत आम्ही दोघेंही मुरूडास गेलों. ह्या खेपेस मीं पंचांग पाहून दिवस धरला होता, आणि चित्र कागदांत गुंडाळून बरोबर नेलें होतें. मावशींनीं तें हातांत घेऊन उजेडाकडे धरलें. खडक पाहिला, पट्टा पाहिला, पाण्याच्या रेषेवरून बोट फिरविलें. माझी छाती परीक्षेला बसलेल्या मुलासारखी धडधडत होती.

"आता पानी बरोबर हाय," त्या म्हणाल्या. मग चित्र जरा जवळ घेऊन त्यांनीं त्या बाईच्या पायाशीं पाहिलें. "पन मास्तर, सकाळपासनं राबून टोप रिकामा कसा?"

रंगांची पेटी मीं नेली होती हें बरें. पांढऱ्यांत किंचित् करडा मिसळून मीं तेथेंच, त्यांच्या अंगणांत बसून, टोपांत दोन ठिपके घातले. ते अद्याप पुरते वाळलेले नाहींत.